छप्पर कापलेली मॉरिस

गुरुनाथ २०२० च्या फेब्रुवारीत कोल्हापुरातून आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला लेकीकडे आले ते तीन महिन्यांसाठी, आणि विमानंच बंद झाली म्हणून अडकून पडले. क्षितिजा हॉस्पिटलात डॉक्टर. घरी आली की आधी अंघोळ करायची, मग लांबूनच इथल्या लोकांसारखं विचारायची, "बाबा, ग्रँड ना?", म्हणजे बरे आहात ना. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नव्हतं. पंचाहत्तरीच्या गुरुनाथांना मागच्या अंगणातल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडचा टॉम फेलन हाच काय तो सोबती.

टॉम ऐंशीचा. मे महिन्यात त्याने अंगणातल्या जुन्या फोर्डवरची ताडपत्री काढली. सतरा वर्षांचा असताना ही गाडी त्याने भंगारातून आणली होती.

"महायुद्ध संपून बारा वर्षं झाली होती," तो म्हणाला. "अमेरिकन मासिकांतली कापलेल्या गाड्यांची चित्रं बघून आम्ही पोरं वेडी झालेलो. मी हिचे मडगार्ड काढले, छप्पर कापलं."

"मीही कापलं होतं! मॉरिसचं," गुरुनाथ म्हणाले, आणि मोबाइलमधला फोटो त्यांनी भिंतीवरून दाखवला. १९६२, रंकाळ्याचा काठ, बिनछपराची गाडी आणि बॉनेटला टेकलेला काळ्या चष्म्यातला मुलगा. वर्तमानपत्रात छापून आला होता तो.

"एकट्यानं केलीस?"

"एकट्यानं."

अठ्ठावन्न वर्षं हे उत्तर त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. टॉम फोटो मोठा करून बघत राहिला.

"मग हे सांग. छप्पर कापलं आणि माझी बॉडी वाकली. दारं मिटेनात, ट्रामोरच्या रस्त्याला एक उघडून निखळलंच. तुझी दारं एवढी चपखल कशी?"

"उद्या सांगतो, आठवून," असं म्हणून गुरुनाथ आत आले आणि खुर्चीत बसून राहिले. आठवायचं काय? त्यांना ते कधी माहीतच नव्हतं. गाडी वकील वडिलांनी टाकून दिलेली, चित्रांचं मासिक आणि हौस गुरुनाथांची. पण पत्रा कापला, ठोकला, वेल्ड केला तो गॅरेजवाल्या मुरलीधर मिस्त्रींच्या मुलीने, अलकनंदाने. तिचे वडील जेवायला गेले की ती वेल्डिंगचा गॅस पेटवायची. गुरुनाथ नुसते पाने-पकडी तिच्या हातात द्यायचे.

वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला त्या दिवशी ती गाडीजवळच उभी होती, कोपरापर्यंत काळी. "तू जरा बाजूला हो," गुरुनाथ तिला म्हणाले होते. "मुलीनं केली म्हटलं तर लोक हसतील." ती झाडापाशी जाऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गॅरेजचा नंबर शोधला. मिस्त्रींच्या नातवाने फोन आत नेऊन आता तिथेच राहणाऱ्या आत्याकडे दिला.

"अलकनंदा, मी गुरुनाथ. मॉरिसवाला."

"वळखला," ती म्हणाली. "बोल की."

त्यांनी दारांचं विचारलं. ती क्षणभरही थांबली नाही. "छप्पर कापायच्या आधी आतनं लोखंडी अँगल लावलेला, दारांच्या दोन्ही खांबांना. कापल्यावर लावून उपेग नसतोय. कोण इचारतंय?"

"इथला शेजारी."

"त्याला काय सांगितलास? तू केलास म्हणून?"

"हो," गुरुनाथ म्हणाले.

"पेपरात माझं नाव आलं असतं तर बाबांनी मला आयटीआयला घातलं असतं, असं वाटायचं तवा," ती म्हणाली. "नसतंबी घातलं. पर मी केल्याचं त्यास्नी कळायला तर पायजे होतं. पुढच्या उन्हाळ्यात लगीन झालं माझं."

"अलकनंदा, माझं चुकलं."

"हां," ती म्हणाली. गुरुनाथांनी फोन ठेवला. मागे दारात क्षितिजा उभी होती. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, ती गाडी मी शाळेत निबंधात लिहिली होती," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी बनवली म्हणून. बक्षीस मिळालं होतं मला."

ती आत गेली, आणि प्रेसचं, म्हणजे कपाटाचं, दार जरा जोरातच आपटल्याचा आवाज आला.

भिंतीपाशी जायला त्यांना दोन दिवस लागले. टॉमला त्यांनी सगळं सांगितलं, झाडापाशी उभं केल्याचंसुद्धा. टॉमने फडक्याने हात पुसले.

"मग मला तिच्याशीच बोलायला हवं," तो म्हणाला.

अलकनंदा आढेवेढे न घेता तयार झाली. त्या रविवारी भिंतीवरून मोबाइल धरून गुरुनाथ उभे राहिले, तिचं मराठी इंग्रजीत आणि टॉमचं इंग्रजी मराठीत करत. खांब, अँगल, जोड; कित्येक शब्द त्यांना येत नव्हते, ते तिलाच पुन्हा विचारावे लागत होते. "ही म्हणते, मी आधी आधार दिला. ही म्हणते, मी मग कापलं." या वेळी दर वाक्याला ते 'ही म्हणते' न चुकता लावत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्षितिजा ऐकत होती. ती बाहेर मात्र आली नाही.