झिसीबाबांचे पावन डबे

चौकातल्या चिनाराखाली अख्खं गाव लोटलं होतं. गाडी भरून डबे विकायला आलेले झिसीबाबा तेलाचा रिकामा डबा उंच धरून गर्जत होते, "मठातल्या दिव्याखाली चाळीस दिवस ठेवलाय! छपरावरच्या अँटेनाभोवती बसवा, उघडं तोंड प्रेषित एलियासच्या देवळाकडे. श्रद्धा असेल तर नेट धावत येईल!"

आणि आलं की! गावाला नेट पुरवणारं मुख्य यंत्र डोंगरमाथ्यावर त्याच देवळाच्या घंटाघरावर होतं, पण एवढ्याशा गोष्टीसाठी चमत्कार कोण सोडतो? लोकांनी क्रूसाची खूण केली आणि वीस-वीस युरोला डबे नेले.

फक्त चक्कीमागच्या खोलगटात देस्पोमावशींचा नेटवर चालणारा फोन मुका झाला. "त्या घरात पाप आहे," बाबांनी निदान केलं. शहरातले डॉक्टर दर गुरुवारी फोनवरून मावशींचं दुखणं बघायचे. दोन गुरुवार हुकले, पाय सुजले. शेजारणींनी कॉफीला येणंही सोडलं.

"पाप आहे खरं, बाई," मावशी भेटायला आलेल्या पोलिक्सेनीबाईंजवळ पुटपुटल्या. "ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात मी चीज खाल्लं. दोनदा."

पोलिक्सेनीबाई गावच्या शिक्षिका. छपराछपरांवरच्या अँटेनांचं नेटचं जाळं त्यांनीच उभारलेलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक चक्कीशेजारच्या थानासिस बेकरीवाल्याच्या छपरावर चढल्या. खाली गर्दी जमली.

बाईंनी पावन डबा काढून चीजचा वास मारणारा डबा बसवला. नेट तसंच धावलं.

"अरे, हा तर पाखंडी डबा!" थानासिस ओरडला.

"मग दुसराही बघ." सोबत आणलेली शाळेतली जादा अँटेना लावून तिच्या डब्याचं तोंड बाईंनी मावशींच्या घराकडे केलं. खोलगटात मावशींचा फोन खणखणला.

"आशीर्वाद हळूहळू उतरतो..." बाबा म्हणाले आणि गाडीकडे सरकले.

"आशीर्वाद नाही, पत्रा!" बाई म्हणाल्या. "उघडी अँटेना चहूकडे बोलते, पण जवळच ऐकू जातं. म्हणून आपण शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे निरोप पोचवत होतो. डबा तोच आवाज एका दिशेला लोटतो. लांबचं ऐकू येतं, शेजारचं नाही. मावशींच्या घरातून देऊळ दिसत नाही, त्या तुमच्याच भरवशावर होत्या. तुम्ही सगळ्यांनी तोंडं देवाकडे फिरवलीत. मावशींकडे कुणाचं होतं?"

बाई छपरावरून खाली उतरल्या.

"चमत्कार दिसला की आधी एकदा डबा बदलून बघत जा, एवढंच मागणं आहे."

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. फोन ठेवून मावशींनी हळूच विचारलं, "म्हणजे बाई, ते चीज..."

"मीठ जास्त असतं त्यात," बाई म्हणाल्या. "पाप नाही."