डाव्या हाताची नोंद

ऑफिसात सगळे तिला फूटपट्टी म्हणत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती नळ विकणाऱ्या कंपनीत लागली आणि पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनच्या टेबलांमधलं अंतर मोजत बसली. नाव चिकटलं ते चिकटलंच. काम मात्र तिच्या स्वभावाचं होतं. कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्यांत जायचं, तिथे कामगारांना धड वागवतात का ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. मालक पुढेपुढे करत, कामगार नजर चुकवत. पुरवठादाराकडे चहासुद्धा घ्यायचा नाही असा नियम. दुपारचा डबा ती गाडीत एकटीच, काचा वर करून खाई.

पितळी नळांना पॉलिश करणाऱ्या त्या कारखान्यात तिने बायकांना एकेकीला बंद खोलीत बोलावलं. सगळ्या पढवलेल्या पोपटासारख्या बोलल्या: मास्क मिळतो, पंखा चालतो, तक्रार नाही. शेवटी एक मावशी आल्या. बसल्या आणि त्यांनीच विचारलं, "जेवलीस का गं? तोंड किती सुकलंय."

असं तिला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

"पंखा तू आलीस म्हणून सुरू आहे," मावशी खोकत म्हणाल्या. "तुझी पाठ वळली की बंद. मास्क सकाळी वाटलेत, संध्याकाळी गोळा करतील. पण माझं नाव नको हं कुठे."

"नाही येणार, मावशी. शब्द देते."

तिने शब्द पाळला. नाव कुठेच लिहिलं नाही. पण मोघम लिहिणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून लिहिलं: 'शेवटच्या मशीनवरील कामगार, एकोणीस वर्षं नोकरी, डावखुरी, डाव्या तळहातावर काळी झाक, सततचा खोकला.' सुधारणा करायच्या म्हणून अहवालाची प्रत रीतीप्रमाणे मालकाकडे गेली.

तीन महिन्यांनी ती फेरतपासणीला आली. पंखा घोंघावत होता. तिने एक मास्क उघडून पाहिला. आतली गाळणी राखाडी झाली होती, म्हणजे मास्क खरंच वापरात होता. ती हरखली. मग तिचं लक्ष शेवटच्या मशीनकडे गेलं. तिथे एक अनोळखी तरुण बाई उजव्या हाताने काम करत होती.

"आधीच्या मावशी?"

"सोडलं त्यांनी," सुपरवायझर म्हणाला आणि हसला. "मॅडम, आमच्याकडे डावखुरी एकच होती हो."

तिला आपल्याच अहवालातला तो शब्द आठवला: डावखुरी.

पत्ता विचारत ती मावशींच्या दारात पोचली. मावशी कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांनी 'ये' म्हटलं नाही.

"मावशी, बोलल्याबद्दल कुणाला काढलं, तर परत घ्यावंच लागतं. नाहीतर कंपनी माल घेणं थांबवते. फक्त तुमची एक सही हवी."

"पुन्हा मीच बोलू?" मावशींनी घडी मोडून परत घातली. "एकदा बोलले तर ही गत. आता सही करून सगळ्यांचं काम बंद पाडू? माझी सून आहे तिथे, बाई."

गेल्या वेळचं 'गं' आता 'बाई' झालं होतं.

"चूक माझी आहे, मावशी."

"हो," मावशी म्हणाल्या आणि पुढचा कपडा उचलला.

गाडीत बसून तिने नवा अहवाल लिहिला. तक्रारदार: मी स्वतः. पुरावा: माझाच मागचा अहवाल, पान चार. मग ऑफिसातल्या साहेबांना फोन लावून काय लिहिलंय ते सांगितलं.

"अगं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!" साहेब ओरडले. "गुप्तता मोडली असं स्वतःच लिहून देतेस? या कामावर ठेवतील का तुला?"

"पण मग मावशींची सही लागणार नाही ना?"

"नाही लागणार. पण त्यांना परत घेतीलच, याची हमी मी देत नाही."

"मग पाठवते."

पाठवण्याआधी तिने सवयीने सगळं पुन्हा वाचलं. तिसऱ्या ओळीत तिनेच लिहून ठेवलं होतं: 'सदर कामगाराची सून याच कारखान्यात आहे.' माहिती अचूक होती. तिने एकेक अक्षर खोडलं, आणखी दोनदा वाचून पाहिलं, आणि अहवाल पाठवला.

डबा शेजारच्या सीटवर तसाच होता. तिने तो उघडला नाही.