दोन घरांचा शंकरपट

“ज्या दिवशी घर उन्हाशी उन्हाच्याच भाषेत बोलू लागेल, त्या दिवशी या देशाला खरं स्वातंत्र्य मिळेल!”

ओव्हरसिअर इंद्रभान हे वाक्य बोलला आणि टाळ्यांना जागा मिळावी म्हणून जरा थांबला. सोनखेडच्या ग्रामसभेत लिंबाखाली झोपलेलं कुत्रं उठलं, एक गिरकी घेऊन पुन्हा झोपलं. मग बायांच्या बाजूनं त्याच्या सख्ख्या आत्यानं, भागिरथाबाईनं विचारलं,

“ते असू दे, बाबू. एका घराले टिनं किती येतीन, तेवढं सांग.”

आणि टाळ्या पडल्या. आत्याला.

चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा होता. अनसिंगच्या अलीकडच्या या गावात बौद्ध वस्तीतल्या बेघरांना सरकारनं घरं मंजूर केली होती आणि घरांचा नकाशा मुंबईहून आला होता. भिंती पातळ विटांच्या, वर टिनाचे पत्रे, आणि छपराला असा खडा उतार की त्यावरून कोकणातला अख्खा आषाढ विनातक्रार वाहून गेला असता. सोनखेडात पाऊस पाहुण्यासारखा येई. घरच्यासारखं राहायचं ते ऊन. मे महिन्यात तिथला कावळासुद्धा आधी सावली बघतो आणि मग ओरडतो. पण नकाशा मंजूर झालेला होता, आणि मंजूर नकाशाला ऊन लागत नाही.

इंद्रभान त्याच वस्तीतला. आईबाप लवकर गेले, आत्यानं वाढवला, अमरावतीच्या पॉलिटेक्निकात जाऊन शिकला. खेड्यातली पोरं शहरात गेली की शहरी वस्तूंच्या प्रेमात पडतात. हा मात्र अमरावतीहून परत आला तो धाब्याच्या घराच्या प्रेमात पडून. हातभर जाड मातीची भिंत, लाकडी वाशांवर काड्या-पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा सपाट थर, म्हणजे धाबं. वऱ्हाडातलं हे जुनं घर. ऊन त्या भिंतीतून आत शिरेपर्यंत संध्याकाळ होते, आणि संध्याकाळी माणसं धाब्यावर झोपायला गेलेली असतात. इंद्रभाननं आपला स्वतःचा नकाशा काढला. त्यात समोर ओटा, धाब्यावर जायला जिना, वाऱ्यासाठी उंचावर झरोके, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसाठी कोनाडा होता.

वस्तीनं तो नकाशा पाहिला आणि आजारी माणसाला बघून आल्यासारखी तोंडं केली.

“तुले कायले शिकवलं रे?” भाकर ताटात टाकता टाकता आत्या म्हणाली. “माती दाखवाले? पाटलायच्या धाब्यावर माती चढवता चढवता माह्यं डोकं पाटीसारखं सपाट झालं. आता त्यायनं टिनं घातले, तं आमच्या वाट्याले धाबं! त्यायचं जुनं ते आमचं नवं! हेच सांगाले गेलता अमरावतीले?”

“आत्या, टिनाच्या घरात माणूस भाजते.”

“भाजू दे. पण आपल्या टिनाखाली भाजू दे.”

याला उत्तर पॉलिटेक्निकात शिकवत नाहीत. इंद्रभाननं भाकर मोडली. त्याला सगळ्या वस्तीला पटवायचं होतं, पण खरं म्हणजे त्याला एवढंच हवं होतं की पहिलं घर आत्याला मिळावं, आणि त्या घरात तिनं दुपारी सुखानं आडवं व्हावं. आता आत्याच म्हणत होती, मला सुख नको, टिन दे.

गावात टिनाचं घर एकच होतं, आत्या म्हणत होती त्या पाटलांचं, म्हणजे सरपंच गुलाबरावांचं. गुलाबराव बागाईतदार. वांगी-मिरच्या पिकवायचे आणि अकोल्याच्या बाजारात न्यायचे. पाऊस आला की त्यांच्या पत्र्यांचा ताशा गावभर ऐकू जाई आणि सरपंच कोण आहे याची गावाला आठवण राही. उन्हाळ्यात ते स्वतः विहिरीवरच्या आंब्याखाली मुक्कामाला असत. पण ते वांगी राखायला, असं त्यांचं म्हणणं होतं.

राहता राहिले या घरांच्या कामावरचे डेप्युटी इंजिनिअर साहेब. ते राजापूरकडचे. उताराचं छप्पर डोक्यावर नसेल तर त्यांना झोप लागत नसे. तरी माणूस सज्जन. त्यांनी टिनाच्या नमुन्याच्या घराशेजारी इंद्रभानला मातीचं एक घर “तुलनेसाठी” बांधू दिलं आणि जाहीर केलं, “ग्रामसभा म्हणेल तशी सगळी घरं बांधू.” ग्रामसभा काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांची लोकशाहीवर एवढी श्रद्धा होती.

दोन्ही घरं उभी राहिली आणि ग्रामसभेत भांडण पेटलं.

“मातीचं थंड असते!” इंद्रभान.

“कशावरून? घर काय बोलते?” गुलाबराव.

“हात लावून पाहा ना!”

“तुह्या हाताले थंड, माह्या हाताले गरम! मंग?”

तेव्हा देवमन उठला. देवमन हा शंकरपटाचा पुकारणारा. पंचक्रोशीत कुठंही बैलांची शर्यत असो, भोंगा देवमनच्या हाती. त्याच्या मते जगातल्या कुठल्याही प्रश्नाला दोनच बाजू असतात, आणि त्या एका रेघेवर आणून सोडल्या की प्रश्न सुटतो.

“पट लावा!” तो ओरडला. “दोन्ही घराईचा पट!”

“अबे, घरं काय पळतीन?”

“घरं नाई पळत, बर्फ पळते! एक लादी इकडं ठेवा, एक तिकडं. ज्याची आधी पाणी होईन, थे घर हारलं!”

सभेत अशी काही लहर उठली की कुत्रंसुद्धा या वेळी जागं राहिलं. इंद्रभान ताडकन उठला. मोजता येईल असा पुरावा! तो लहान मुलासारखा टाळी वाजवत म्हणाला, “मंजूर!” गुलाबरावांनी मिशीवरून हात फिरवला. “बर्फ मी आणतो अकोल्याहून. आन् हारला तं टिनं मुकाट्यानं ठोकजो, बाबू.”

पटाच्या दिवशी सोनखेडात जत्रा लोटली. शेलूबाजारहून जीप भरून लोक आले. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून मदनसिंग आपली बैलजोडी सजवून घेऊन आला. पट घरांचा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर तो म्हणाला, “आता आलोच हाओ तं पाहून जातो,” आणि बैलांनाही पाहू दिलं. आगगाडीनं वाशीमला आलेल्या बर्फाच्या दोन लाद्या भुशात आणि पोत्यांत गुंडाळून छकड्यातून वाजतगाजत गावात शिरल्या. वांग्यांच्या तराजूवर त्या सर्वांसमक्ष सारख्या करण्यात आल्या. डेप्युटी साहेब पंच. त्यांच्या हुकमावरून दोन्ही घरांत एकेका फळीवर लाद्या ठेवल्या गेल्या. दारं उघडी ठेवायची, बर्फावर काही झाकायचं नाही. सूर्य बरोबर डोक्यावर आला होता आणि त्यालाही या पटात रस असावा, असा तो तापला होता.

देवमननं भोंगा घेऊन मातीच्या घराचा ओटा गाठला. टिनाच्या घराला ओटाच नव्हता.

“होऽऽ सुटलीऽऽ जोडी सुटली! इकून मातीवाली, तिकून टिनवाली! देखो भाई, देखो!”

खरं तर बर्फ वितळणं ही पाहण्यासारखी गोष्ट नव्हे. पण देवमन पुकारायला लागला की गवत वाढणंही लोकांनी श्वास रोखून पाहिलं असतं. टिनाच्या घरातून एकेक जण घामानं निथळत बाहेर येई आणि ओरडे, “पाझरली! कोपरे गेले!” की इकडून आरोळी उठे. मातीच्या घरातून खबर येई, “जशीच्या तशी!” की पुन्हा आरोळी. इंद्रभान या दारातून त्या दारात धावत होता. त्याला आपल्या पायांखाली जमीन आहे याचंही भान नव्हतं. टिनाच्या घरात तर श्वास घेतला की नाकात चटका बसे. तिथं उभं राहू शकत होते ते एकटे गुलाबराव. डोक्यावर ओला दुपट्टा, चेहरा पिकल्या मिरचीसारखा. घरानं नव्हे, इज्जतीनं त्यांना धरून ठेवलं होतं.

“गुलाबभाऊ, भायेर या!”

“काहून? मस्त हवा हाय!” असं म्हणून त्यांनी दाराची चौकट घट्ट पकडली.

आपली लादी जिंकणार यात आता इंद्रभानला शंका उरली नव्हती. तो टिनाच्या घराच्या खिडकीशीच थांबला आणि समोरची लादी झिजताना डोळे भरून पाहत राहिला. फळीवर नारळाएवढा गोळा उरला, तेव्हा विजयाची आरोळी ठोकत तो आपल्या घराकडे धावला आणि दारातच थिजला.

आत सगळा गाव बसला होता.

लोक आले होते बर्फ पाहायला. पण आत आले ते परत गेलेच नव्हते. बाया भिंतींना टेकल्या होत्या, कुणाचं लेकरू पदराखाली गाढ झोपलं होतं, एकीनं तर निवडायला तुरीची डाळ आणली होती. डेप्युटी साहेब “निरीक्षणासाठी” बाजेवर टेकले होते आणि सपाट छपराखाली, तोंड किंचित उघडं ठेवून, घोरत होते. आणि मधोमध फळीवर होतं फक्त पाणी.

“बर्फ कुठी गेला?” इंद्रभानचा आवाज फाटला.

कुणी बोललं नाही. बोलता येत नव्हतं. प्रत्येकाच्या गालात एकेक फुगवटा होता.

भानगड साधी होती. भोंगा फुंकून फुंकून देवमनचा घसा कोरडा पडला, म्हणून त्याला माणुसकीनं एक टवका दिला गेला. मग इतरांच्या लक्षात आलं की घसे आपल्यालाही आहेत. टिनाच्या घरातला बर्फ मात्र शाबूत राहिला. चोरायला आत थांबणार कोण?

“हारलीऽऽ माती हारली!” नारळाएवढा गोळा ओल्या दुपट्ट्यात घेऊन गुलाबराव आत शिरले. “कायदा म्हंजे कायदा! आधी पाणी कोणाचं झालं? सांगा!”

 कायदा इंद्रभाननंच मंजूर केला होता. गुलाबरावांनी आपला मुद्दा उभ्यानं मांडला. मग भिंतीला हात टेकून मांडला. मग खाली बसून, पाय पसरून, सविस्तर मांडला. मुद्दा संपला तरी ते उठले नाहीत. दुपट्ट्यातून पाणी ठिबकत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची मिरची हळूहळू आपल्या मूळच्या वांग्याच्या रंगावर येत होती.

“पंच उठवा!” देवमन म्हणाला.

साहेबांना हलवलं. त्यांनी डोळे उघडले, वर पाहिलं, आणि विचारलं, “पाऊस थांबला का?” मग भोवतालचा गाव पाहून ओशाळून म्हणाले, “मला वाटलं, मी राजापूरला आहे.”

हशा पिकला. पण निकाल राहिलाच होता. साहेब एकदा फळीकडे पाहत होते, एकदा गोळ्याकडे, आणि नियमाप्रमाणे त्यांचं तोंड टिनाच्या बाजूनं उघडू लागलं होतं. एवढ्यात कोपऱ्यातून भागिरथाबाई बोलली. ती घराची खोट काढायला म्हणून आत आली होती आणि तेव्हापासून कोनाड्याखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. जन्मभर धाब्यांवर माती चढवली, पण धाब्याखाली ती आजच पहिल्यांदा बसली होती.

“साहेब, एक इचारू? हे घरं बर्फाले द्याचे हायेत का माणसाले?”

“माणसांना, अर्थातच.”

“बर्फाले द्याचे असतीन, तं टिनाचे द्या. बर्फ तिथी जास्ती टिकला, थे खरं हाय. माणसाले द्याचे असतीन, तं मी इथून उठत नाई. पाहा, हा सरपंच बी उठून नाई राह्यला.”

“मी मुद्दा सांगून राह्यलो!” गुलाबराव म्हणाले, पण पाय त्यांनी आवरले नाहीत.

“आन् एक,” भागिरथाबाईनं बोट उगारलं. “दरसाल धाब्यावर माती चढवाची थे गड्यायनं. बाया आता वर जातीन थ्या झोपाले.”

बायांनी असा गलका केला की झोपलेली लेकरं जागी झाली. साहेबांनी हात वर करायला सांगितले. बर्फ सगळ्यांच्याच पोटात गेलेला, त्यामुळे विरोधात भाषण झालं नाही. हातांचं रान उगवलं. गुलाबरावांचाही हात वर गेला. तो माशी हाकलायला, असं त्यांचं म्हणणं पडलं, पण देवमननं तो धरून मोजला. साहेबांनी सगळी घरं धाब्याची करण्याचा हुकूम तिथंच, बाजेवर बसून दिला. भोंगा गर्जला, “जिकलीऽऽ मातीवाली जिकली!” मदनसिंगनं बैलांवर गुलाल उधळला. पोट्ट्यांनी इंद्रभानला खांद्यांवर घेतलं आणि दोन्ही घरांच्या मधून नाचवत ओट्यावर आणून उभं केलं.

इंद्रभानचे डोळे भरून आले होते. छातीत एक वाक्य दाटून येत होतं. पहिल्यापेक्षाही मोठं, संस्कृती, सूर्य आणि पुढच्या शंभर पिढ्या यांना एकत्र बांधणारं. त्यानं हात वर केला, तोंड उघडलं.

तेवढ्यात खालून कुणी तरी त्याच्या पँटीला हिसका दिला. आत्या होती. तिनं आजूबाजूला पाहिलं, त्याला वाकायला लावलं आणि कानाशी लागून म्हणाली,

“बाबू, माह्या घराले तेवढं समोरून एक टिन लावून देजो ना. उलीसंच. नुसतं सडकेवरून दिसाले.”