एकाच चेहऱ्याच्या बाया

धसईच्या बाजारामागच्या मांडवात बाया उकिडव्या बसत आणि हात न टेकता उठत. प्रत्येक वेळी गर्दीतून "आई गो!" निघे. चिखलात लावणी करून गेलेले गुडघे ते!

नम्रता मात्र चेहरे पाहत होती. सगळे सारखेच गोल, फुगलेले, डोळे गालांत बुडालेले. जणू एकच बाई सगळ्यांच्या अंगात शिरली होती. त्या रांगेत तिची आईही होती. मागल्या साली हृदयाच्या झटक्यातून वाचलेली वत्सला.

"देवीचं तेज चढलंय!" अंगाऱ्याच्या पुड्या वाटत मांडवातला भगत देवजीबाबा गरजला. "चरबी म्हंजे सांध्याचं वंगण. डॉक्टरची कोलेस्टेरॉलची गोळी ते आटवते. गोळी फेका, अंगारा चाटा!"

वत्सलाने गोळी कधीच फेकली होती. "माझी ऊठबस होते गो. तुझ्या बी.फार्मनं केलं का तेवढं?"

 घरी नम्रताने आईची पुडी चहाच्या गाळणीत ओतली. राख खाली गेली, वर गोळीचे पांढरे तुकडे उरले. एकावर मधली रेघ शाबूत होती. मुरबाडच्या डॉक्टरांनी आईचा चेहरा पाहिला, वाढलेली साखर पाहिली आणि तुकडे तपासायला पाठवले. स्टेरॉइड निघालं.

बाबाच्या पुढच्या बैठकीत ती गाळणी घेऊन उभी राहिली.

"पोरी, देवीची परीक्षा घेतेस?"

"देवीची नाय बाबा, राखेची."

रांगेतल्या ठमीकाकूने आपली पुडी दिली. राख गळली, तुकडे उरले. 

"ही स्टेरॉइडची गोळी सूज दाबते, म्हणून गुडघा हलतो," नम्रता म्हणाली. "झीज तशीच राहते. तोंडावरचं तेज हिचंच, आणि हाडंही ही ठिसूळ करते. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं वंगण आटत नाय. उलट तिनं सांध्यांची झीज टळते का, ते शास्त्रज्ञ तपासतायत. काही अभ्यास हो म्हणतात, काही नाय. म्हणून गुडघ्यासाठी ती मागू नका, पण हृदयासाठी दिलेली फेकूही नका."

ठमीकाकूने संतापून उरलेल्या पुड्या भिरकावायला हात उचलला.

"थांब काकू! अंगाला हिची सवय झालीय, एकदम सोडलंस तर जिवावर बेतेल. हिचा डोस डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचा."

बाया हातातल्या पुड्यांकडे बघत राहिल्या. खाववत नव्हतं आणि टाकताही येत नव्हतं.

"गुडघा परत दुखंल ना गो?" वत्सलाने विचारलं.

"दुखेल, आई. त्यावर उपाय करू, पण खरे."

वत्सला बायांकडे वळली. "पुडीत काय हाय, ते मी इचारलंच नाय. तुमी इचारा. देवाचं नाव घेऊन दिली, तरी इचारा."

मग ती हात टेकून उठली. "चल, मुरबाडची गाडी बघू."