माझ्या अंगावरची रेषा

या मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. मागच्यांना ऐकू येतंय ना? मग सांगतो. गोष्ट माझी आहे, पण गोष्टीतलं मोठं माणूस मी नाही. ते कोण, हे ऐकता ऐकता तुम्हीच ओळखाल.

मी एक जुना टायर आहे. मोटारीचा नव्हे, फोर्कलिफ्टचा. पुढे दोन लोखंडी काटे असलेली ती बुटकी गाडी तुम्ही पाहिली असेल. काटे मालाखाली घालते, माल उचलते आणि उंच थप्पीवर नेऊन ठेवते. तिच्या पुढच्या उजव्या चाकावर मी होतो, डाव्या चाकावर माझा जुळा भाऊ.

माझ्या पोटात हवा नाही. मी आतबाहेर भरीव. कारखान्यात थरावर थर चढवून मला घडवलं. आत टणक रबर आणि पोलादी कडी, मध्ये थोडं मऊ रबर, वर चिवट. मग साच्यात घालून भट्टीच्या धगीत शेकलं. घडवणाऱ्या हातांनी शेवटी माझ्या कडेच्या अंगावर गोल फिरणारी एक बारीक रेषा ठेवली. मला ती दागिन्यासारखी वाटली. तिचा अर्थ कळायला मात्र उभा जन्म जावा लागला.

आता मी कामावर कसा लागलो, ते ऐका. गोदाम होतं काचेच्या बाटल्यांचं. अंगण उखडलेलं आणि जिकडेतिकडे काचांचे तुकडे. माझ्या आधी तिथे हवेचे टायर होते. एके सकाळी भरल्या गाडीचा एक टायर फुटला, गाडी कलली आणि वरचा खोका बापूंच्या पायावर आला. बापू म्हणजे थप्पीपाशी उभे राहून "आण, आण, बस" म्हणत गाडीला वाट दाखवणारे जुने हमाल. गाडी चालवत होती त्यांचीच लेक. गोदामात सगळे तिला ताई म्हणत.

पाय वाचला, पण बापू लंगडू लागले. ताई कपाळाला हात लावून बसली नाही. चाकांतून निघालेली प्रत्येक काच, प्रत्येक खिळा ती एका पत्र्याच्या डब्यात टाकू लागली. डबा भरला, तशी ती साहेबांकडे गेली. साहेब टायरांची माहितीपत्रकं पसरून बसले होते. त्यांवरच तिने डबा उपडा केला.

"हे काय गं?"

"आपली जमीन, साहेब. टायर हिच्यावर चालायचाय. कागदावरचा चकचकीतपणा इथं काय कामाचा?"

साहेबांना एक गुळगुळीत, देखणा टायर आवडला होता. गाडीची दुरुस्ती बघणाऱ्या मिस्त्रीकाकांनी नकारार्थी मान हलवली. "हा गुळगुळीत फरशीवरचा राजा. आपल्या अंगणात आठवड्यात सोलून निघेल."

मग ताईने एकेका टायराबद्दल विचारायला सुरुवात केली. ओझं किती पेलतो, दिवसभर पळून तापतो का, काच लागली तर चिरतो की नुसता ओरखडतो. साहेब वैतागले. "अगं, इतकी चौकशी लोक जावई शोधताना करत नाहीत."

"जावई रुसला तर घरी बसतो, साहेब. टायर रुसला तर बापूंच्या अंगावर येतो."

अशी माझी निवड झाली, मित्रांनो. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली, की काही झालं तरी फुटायचं नाही. आणि मी फुटलो नाही. काचा टोचल्या, खिळे रुतले, उन्हात अंगण तव्यासारखं तापलं, मी चालत राहिलो. बापू रोज सकाळी माझ्यावर काठी टेकवत आणि पुटपुटत, "सांभाळ रे बाबा, तुझ्या भरवशावर उभा आहे." पाहुणे आले की साहेब सांगत, "इतकी वर्षं झाली, अजून तोच टायर आहे." मी फुगून जाई. आत हवा नसूनही.

पण भरली गाडी फाटकापाशी नेहमी डावीकडे वळे आणि वळताना सारा भार उजवीकडे, माझ्यावर येई. भावापेक्षा मी जास्त झिजलो. एक दिवस मिस्त्रीकाका वाकले आणि म्हणाले, "हा झिजून रेषेला टेकला. जोडी उतरवा."

मला राग आला. कुठे फाटलोय मी? साहेबही माझ्याच बाजूने बोलले. "धडधाकट आहे की! आजचा माल जाऊ दे, मग बघू."

ताईने गाडी सपाट फरशीवर घेतली. काटे खाली ठेवून, ते ज्यावरून वर-खाली होतात त्या उभ्या खांबाच्या टोकाला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट. नट लोंबकळत थांबला, खांबाच्या पायापासून दोन बोटं दूर. माझ्या बाजूला गाडी तेवढी कलली होती.

"काटे खाली असताना दोन बोटं. वर गेल्यावर किती, ते सांगू का?"

"आजचा दिवस चालवून घे गं."

ताईने चावी काढली आणि खाली उतरली. "मी नाही चालवणार."

तेव्हा बापू लंगडत पुढे आले. "पोरी, चावी साहेबांना दे. ते चालवतील, मी थप्पीखाली उभा राहतो. फक्त साहेब, माल कलला तर जरा मोठ्यानं हाक मारा. पाय आता पहिल्यासारखा पळत नाही."

साहेबांनी चावी हातात घेतली. गाडीकडे न जाता ती खिशात टाकली. मग मिस्त्रीकाकांना म्हणाले, "दोन्ही उतरवा."

तेव्हा मला माझी रेषा समजली. घडवणाऱ्याने ती बापूंसाठी ठेवली होती. इथवर राबायचं आणि इथे थांबायचं, एवढंच ती सांगत होती. मी मात्र तिला दागिना समजत आलो. भावाच्या अंगात अजून दम होता, पण एक नवा आणि एक जुना घातला तर गाडी पुन्हा कलणार, म्हणून तोही मुकाट्याने उतरला.

आता आम्ही दोघे फाटकाजवळ एकावर एक पडलेले असतो. दुपारी बापू आमच्यावर बसून डबा खातात.

मित्रांनो, वस्तू पारखून घ्या, पुरेपूर वापरा. पण तिची रेषा आली, की तिच्या कौतुकात अडकू नका, तिला वेळेवर उतरवा. आणि कुठे उंच, सरळ थप्पी दिसली, खाली कोणी निर्धास्त उभं दिसलं, तर माझी नको, चावी काढून उतरलेल्या त्या ताईची आठवण ठेवा.