मातीले भेणारा

“आपल्याले पोकलेन पायजे. साखळीवाली,” उपसरपंच देवाजी म्हणाला. “बाजूच्या गावात आली होती. दोन दिवसात नाली मोकळी.”

नवाबभाई उकिडवा बसून मातीचं ढेकूळ बोटांनी चुरडत होता. सावली गावी त्याची एकुलती एक मशीन होती, रबरी टायरची जेसीबी. ती भाड्यानं द्यायची तर तो आधी लुनावरून जागा बघून येई. वैनगंगेकाठच्या या मासेमार ढिवरांच्या गावात दर पावसाळ्यात घरांत पाणी शिरायचं. ते जमिनीखालून नदीकडे काढायला सिमेंटचे पाइप टाकायचे होते, आणि उतार साधायला गल्लीत आठ फूट खोल नाली हवी होती.

माती काळी, भुसभुशीत. तिच्यात शिंपल्यांचा चुरा होता. नवाबभाईनं ती नाकाशी नेऊन हुंगली. बारा वर्षांपूर्वी चंद्रपुरात केबलच्या नालीत तो छातीपर्यंत गाडला गेला होता आणि लोकांना त्याला उकरून काढायला तास लागला होता. तेव्हापासून कंबरभर खड्ड्यात उतरायचं म्हटलं तरी तो मागं फिरे. मशीनवर बसवलं की राजा, खाली उतरवलं की ससा, अशी सावलीत त्याची थट्टा चाले.

शेजारच्या आंगणात चंदाबाई जाळं विणत बसली होती. त्यानं तिला विचारलं, “बाई, या जागेले काय म्हणतेत?”

“फुटकी बोडी,” ती म्हणाली. “माह्या सासऱ्याच्या लहानपणी इथी मासे धरत. पाळ फुटली, मंग लोकायनं गाडीगाडी माती टाकून बुजवली.”

नवाबभाईनं ढेकूळ टाकलं आणि हात पायजम्याला पुसले. बुजवलेलं तळं. दरसाल पाणी इथंच का जमतं ते गावाला ठाऊक नव्हतं, पण पाण्याला आपलं जुनं घर ठाऊक होतं.

“देवाजीभाऊ, पोकलेन वीस टनाची. काठावर उभी राह्यली का हे माती आत बसते. लहान मशीन घ्या. नाली वरून रुंद काढा, पायऱ्या-पायऱ्यानं. निंघालेली माती दूर टाका.”

“रुंद काढाची तर दोन घरचे आंगण जाते.”

“जाऊ द्या. आंगण मंग पुन्हा होते.”

देवाजी मिशीत हसला. “तुमाले तुमचीच मशीन द्याची हाय, म्हणून सांगून राह्यले. अन् दुसरी गोष्ट, तुमी मातीले भेता. अख्ख्या सावलीले माहीत हाय.”

नवाबभाई भितो हे खरं होतं, आणि भित्या माणसाचा सल्ला कोण घेतो? त्यानं लुनाला पायडल मारलं.

पाचव्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याला कळलं की त्या गावात पोकलेन उतरली. घरी त्याच्यापुढं ताट आलं, पण त्यानं ते बाजूला सारून लुनाची किल्ली उचलली.

“अब तुम काहे को जाते?” त्याच्या बायकोनं, खैरुननं विचारलं. “जिसने मशीन लाई, वो देखेगा ना.”

“वो उपर से देखेगा,” नवाबभाई म्हणाला आणि उठला.

तो पोहोचला तेव्हा दुपारची उन्हं रणरणत होती. पोकलेन नालीच्या काठावर उभी राहून पुढची नाली उकरत होती, तिच्या हादऱ्यानं कौलं खडखडत होती. निघालेली माती काठालाच ढीग करून टाकलेली. खाली, दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींमध्ये, चंदाबाईचा मुलगा गोविंदा पाइपाच्या सांध्याला सिमेंट लावत होता. काठापासून हातभर अंतरावर जमिनीला एक बारीक भेग पडली होती, सुतळीएवढी. नवाबभाई बघत होता तेवढ्यात ती बोटाएवढी झाली.

“मशीन बंद करा,” तो ओरडला. ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही. देवाजीनं ऐकलं आणि नुसता हात हलवला.

“गोविंदा, वर ये.”

“दहा मिनटं, नवाबभाई. सांधा अर्धा राह्यला तं वाया जाते.”

पळून जावं असंच नवाबभाईला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. पण तो बांबूच्या शिडीवरून खाली उतरू लागला. तिसऱ्या पायरीवर मातीचा तोच ओला वास नाकात शिरला. डोळे मिटले, तळाला पाय टेकले आणि मग त्याला हलताच येईना. त्यानं गोविंदाचा दंड दोन्ही हातांनी धरला.

“मले वर ने,” तो म्हणाला. “माह्यानं चढवत नाई. मी मरतो इथी.”

यात युक्ती काही नव्हती. त्याचे दात वाजत होते. वर जमलेले लोक हसायला लागले. गोविंदानं वैतागून थापी ठेवली, “चाला, भाऊ,” म्हणत त्याला खांद्यानं रेटत शिडीवर चढवलं, आणि त्याच्या मागोमाग तोही वर आला. दोघं चार पावलं चालले असतील. मागं धप्प असा जड आवाज झाला. वळून बघतात तो नाली नव्हती. शिडी नव्हती, थापी नव्हती. पोकलेनची एक साखळी अधांतरी लोंबत होती आणि ड्रायव्हर उडी टाकून पळत होता.

मशीन गप झाली. देवाजी मटकन खाली बसला.

नवाबभाई भिंतीला टेकून उभा होता. त्याचा पांढरा पायजमा मांड्यांपासून घोट्यापर्यंत भीतीनं ओला झाला होता. त्याला ते कळलं होतं, पण हात उचलवत नव्हते, मग झाकणार कशानं. आता सगळे वळून आपल्याकडं बघतील, ही भीती त्याला नालीच्या भीतीइतकीच मोठी वाटली.

चंदाबाई पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन धावत आली. तिनं आधी लेकाला चाचपलं. मग नवाबभाईपुढं आली, तिची नजर खाली गेली, आणि भरला गुंड तिच्या हातून निसटला. सगळं पाणी त्याच्या कमरेवरून खाली आलं.

“पाह्य बाप्पा,” ती मोठ्यानं म्हणाली, “माह्ये हातच कापून राह्यले. भाऊले सारं ओलं केलं मी.”

मग पदरानं त्याच्या बाह्या पुसत ती त्याच्यापुढंच उभी राहिली, लोकांकडं पाठ करून.