चिकाची वाटी

गोमाजीच्या लिवरवर वण पडलेत, हे महाडच्या डॉक्टरनं सांगितलं. ते जाणार कशानं, हे मात्र मुंबईहून त्याच्या पोरानं, किशोरनं सांगितलं. त्याला मोबाइलवर बातमी आली होती, की दुधात एक प्रोटीन असतं, त्यानं आतल्या अवयवांना वण धरत नाहीत, आणि चिकात ते भरपूर असतं. फक्त शिजवायचं नाही, कच्चंच प्यायचं. आणि कापडे गावच्या वरच्या वाडीत गोमाजीची गाय व्यायला टेकलेलीच होती.

गाय व्याली, पाडी झाली आणि गोमाजीच्या बायकोनं, रखमानं, कंबर कसली. पहिला चीक वाडीत घरोघर द्यायचा, उरेल त्याचा आपल्या घरी खरवस करायचा, ही तिथली रीत. रखमानं ती गुंडाळून ठेवली. शेजारची धोंडूबाई भांडं घेऊन दारात आली, तिला हात हलवत परत पाठवलं. तिनं वाडीभर बोंब मारली, तर मारू दे. नवरा जगला तर लोकांची बोलणीही गोड लागतील! पाडीलासुद्धा ती दोनच घोट पिऊ द्यायची, मग ओढून बांधायची. जीव तुटायचा तिचा, पण करते काय?

गोमाजी वाटी घेऊन गोठ्यात जायचा. घरात बसून हा वास सोसत नाही म्हणायचा. रिकामी वाटी परत आली की रखमाचा जीव भांड्यात पडायचा. फरक पडतोय, तोंडावर तुकतुकी आलीय, असं ती किशोरला रोज फोनवर सांगायची.

तिसऱ्या दिवशी ती शेण काढायला जरा लवकर गेली, तर गोमाजी पाडीच्या तोंडाला वाटी लावून बसलेला. रखमाचं डोकंच फिरलं.

"मरायचं हाय काय तुमाला?"

गोमाजी हलला नाही. महाडला मागच्या खेपेला ती औषधं घ्यायला गेली, तेव्हा त्यानं डॉक्टरला सगळं विचारून घेतलं होतं. त्या प्रोटीनचे प्रयोग अजून उंदरांवर चाललेत, आणि उपयोग झालाच तर वण धरायच्या आधी. एवढे जुने वण त्यानं जायचे नाहीत.

"माजं लिवर पार दगड झालंय गो," तो म्हणाला. "ही परवा जन्मली. हिच्या तोंडचा घास कशाला काढू?"

"मग मला का नाय बोललात?"

"तीन दिस हसत होतीस तू."

रखमा तिथंच शेणात बसली आणि रडली. तेवढ्यात किशोरचा फोन आला, बाबा प्यायले ना म्हणून. तिनं विचारलं, ती बातमी तू पुरती वाचलीस का रे? हेडिंग वाचलं, तो म्हणाला, खाली लय लांबण होतं.

रखमानं डोळे पुसले.

"चिकाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू घरी ये. लवकर ये."